घरच्या हॉपवरची भुरी आणि केवडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत, ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या पश्चिमेला आमचं घर आहे. मागच्या कुंपणाला हॉपचे चार वेल आहेत, आठ वर्षांचे. हॉप म्हणजे ज्याच्या शंकूसारख्या फुलांनी, 'कोनांनी', बियरला कडवटपणा आणि वास येतो तो वेल. माहेरचं गाव निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. त्यामुळे वेलाचं दुखणं कानावर पडतच मी मोठी झाले, तरी हॉपचा पहिला वेल मी हाताने मारला. ओळखीतले जे लोक घरी बियर करतात किंवा नुसता सावलीसाठी वेल लावतात, ते दर एप्रिलमध्ये फोटो पाठवून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ती आमच्या विलामेट खोऱ्याच्या ओल्या वसंताला धरून आहेत. हवा वेगळी असेल तिथे काय बदलतं, तेही ओघात येईल.

पानावर डाग दिसतायत. भुरी आहे की केवडा, कसं ओळखायचं?

पान उलटं करा. काकांना निफाडला फोन करून मी पहिल्यांदा रडगाणं गायले, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आधी पान उलटं करून बघ, मग बोल."

भुरी म्हणजे पिठी. पांढरे, गोलसर ठिपके, पीठ भुरभुरल्यासारखे, पानाच्या दोन्ही बाजूंना. बोटाने पुसलं तर निघतात आणि बोटाला पांढरं लागतं. कोवळ्या पानांवर आधी येतात, कधी तिथली जागा फोडासारखी फुगते.

केवडा वेगळा. वरून पिवळट, मग तपकिरी डाग. तो गोल नसतो, पानाच्या शिरांनी अडवल्यामुळे कोनाकोनाचा होतो. सकाळी दव असताना तेच पान उलटलं की डागाच्या खाली राखाडी, जांभळट, काळपट लव दिसते. दुपारी हवा कोरडी झाली की ती ओळखू येत नाही, म्हणून तपासणी सकाळीच करावी.

नाशिककडे केवड्याला सर्रास 'डाऊनी' म्हणतात. नाव कोणतंही घ्या, दोन्हींची गल्लत मात्र करू नका, कारण एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

एप्रिलमध्ये काही कोंब खुजे, फिकट आणि आखडलेले आले आहेत. खत कमी पडलं का?

नाही, आणि कृपा करून खत घालू नका. मी घातलं होतं.

हॉपचा वेल दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतो आणि मार्चमध्ये गड्ड्यातून, म्हणजे जमिनीतल्या मूळखोडातून, पुन्हा फुटतो. गड्डा वीसेक वर्षं जगू शकतो. केवडा याच गड्ड्यात, कळ्यांमध्ये, हिवाळा काढतो. वसंतात रोगट कळीतून जो कोंब येतो तो सरळ वाढत नाही. पेरं जवळजवळ, पानं खाली वळलेली, रंग पिवळट हिरवा, आणि हाताने वाकवला की कट्टकन मोडतो. निरोगी कोंब लवचीक असतो. अशा खुज्या कोंबाच्या पानांखाली काळपट लव भरपूर असते आणि अख्ख्या बागेला पुरेल एवढे बीजाणू तिथून निघतात.

पहिल्या वर्षी मला वाटलं, पोर अशक्त आहे. युरिया दिला, वर रोज संध्याकाळी फवाऱ्याने पाणी. पंधरा दिवसांत शेजारच्या सगळ्या कोंबांचे शेंडे आखडले आणि दोरीवर चढलेला वेल दोरी सोडून खाली लोंबला. ती खूणही लक्षात ठेवा: हॉप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दोरीला वळसे घालत चढतो, पण शेंड्यात केवडा शिरला की त्याची पकड सुटते.

असा कोंब दिसला की जमिनीच्या थोडा खालून कापा, लगेच पिशवीत घाला, आणि कचऱ्याच्या डब्यात. घरच्या कंपोस्टमध्ये नको. घरचा ढीग क्वचितच पुरेसा तापतो.

केवडा ही बुरशीच नाही, असं वाचलं. मग बुरशीच्या रोगांच्या या प्रश्नोत्तरांत त्याचं काय काम?

काटेकोर बोलायचं तर खरं आहे. हॉपच्या केवड्याचा कारक स्यूडोपेरोनोस्पोरा ह्युम्युली हा खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही. तो ऊमायसिट गटातला, शेवाळांना जास्त जवळचा. पण शेतकरी, सल्लागार, दुकानदार सगळे त्याला बुरशीजन्य रोगांतच धरतात, म्हणून इथेही तो आहे.

फरक नुसता पुस्तकी नाही. याचे बीजाणू पाण्याच्या थेंबात फुटतात, त्यातून शेपटीवाले चर बीजाणू निघतात, ते अक्षरशः पोहत पानाच्या रंध्रापाशी जातात आणि आत शिरतात. म्हणजे त्याला मोकळं पाणी लागतंच. १५ ते २१ अंश सेल्सिअसला पान दीड-दोन तास ओलं राहिलं तरी पुरतं. कोवळ्या शेंड्याला लागण व्हायला ओल त्याहून जास्त वेळ लागते, पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढा वेळ रोजच मिळतो. उलट भुरी, म्हणजे पोडोस्फेरा मॅक्युलॅरिस, ही खरी बुरशी. तिला पान ओलं लागत नाही. जोराच्या पावसाने तर ती धुऊन मागे पडते.

म्हणूनच अमेरिकेत या दोघांनी जणू वाटणी करून घेतली आहे. विलामेट खोऱ्यात, पश्चिमेच्या पावसाळी बाजूला, मुख्य डोकेदुखी केवडा. कॅस्केड डोंगरांच्या पलीकडे, वॉशिंग्टनमधल्या कोरड्या याकिमा खोऱ्यात, भुरी. आमचा एक मित्र याकिमाला राहतो. त्याचं आणि माझं फवारणीचं वेळापत्रक एकमेकांशी अजिबात जुळत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतो.

भुरी माझ्या परसात आली कुठून? आजूबाजूला हॉपची शेती नाही.

बहुतेक वेळा रोपाबरोबरच. भुरीही गड्ड्याच्या कळ्यांत लपून राहते आणि वसंतात एखादा कोंब पुरता पांढरा होऊन वर येतो, शेंड्यापासून बुडापर्यंत पिठात बुडवून काढल्यासारखा. तो एक कोंब वेळेत काढला तर पुढचा अर्धा त्रास टळतो. वायव्य अमेरिकेत आतापर्यंत या बुरशीच्या मिलनाला लागणाऱ्या दोन प्रकारांपैकी एकच सापडला आहे. त्यामुळे हिवाळ्यात टिकणारे लैंगिक बीजाणू तिथे तयार होत नाहीत आणि तिचा सगळा भार त्या कळ्यांवर पडतो. युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्वेकडे तसं नाही. तिथे पालापाचोळ्यातूनही ती येते, म्हणून तिकडच्या मंडळींनी शरदातली साफसफाई आमच्यापेक्षा कडक ठेवावी.

या रोगाने एका अख्ख्या प्रदेशाची हॉपशेती उठवायला हातभार लावला आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतलं सगळ्यात मोठं हॉपचं राज्य न्यूयॉर्क होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भुरी, केवडा, पश्चिमेकडच्या स्वस्त मालाची स्पर्धा आणि १९२० ची दारूबंदी या सगळ्यांनी मिळून ती शेती संपवली. पश्चिमेकडचे शेतकरी पुढे बरीच दशकं भुरीपासून मोकळे होते. १९९७ मध्ये ती वॉशिंग्टनच्या हॉपमळ्यांत आढळली आणि तिथून ओरेगन, आयडाहोत पसरली.

शेजारच्या द्राक्षावर भुरी आहे. ती हॉपवर येईल का? आणि काकडीचा केवडा?

द्राक्षाची भुरी वेगळी बुरशी आहे, ती हॉपवर येत नाही. तशीच गुलाबाची, भोपळ्याची. दिसायला सगळ्या पांढऱ्या, पण ज्याचं त्याचं घर ठरलेलं. मात्र द्राक्षावर भुरी दिसली याचा अर्थ हवा भुरीला मानवणारी आहे, एवढा इशारा घ्यायला हरकत नाही.

काकडीचा केवडा हा हॉपच्या केवड्याचा अगदी जवळचा भाऊबंद. प्रयोगशाळेत हॉपचा केवडा काकडीवर्गावर थोडाफार वाढवता आला आहे. परसात यावरून काकडी उपटायची गरज नाही.

वसंतातले पहिले कोंब सगळेच कापायचे असतात म्हणे. जीव होत नाही. खरंच कापायचे?

कापायचे. द्राक्षवाल्या घरातली असून मला हे पटायला दोन वर्षं लागली, याची अजून लाज वाटते. एप्रिलमधल्या खरड छाटणीत आमच्याकडे अख्खी बाग बोडकी करतात आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. इथे मात्र मार्चमध्ये हिवाळ्यानंतरचे पहिले लालसर कोंब दिसले की हात थांबतो.

कारण सरळ आहे. दोन्ही रोग गड्ड्याच्या कळ्यांत बसलेले असतात आणि पहिल्या फुटव्यात सगळ्यात जास्त बाहेर येतात. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळा पहिला फुटवा जमिनीलगत छाटला, तर रोगाची पहिली पिढीच निघून जाते. गड्ड्यात साठा भरपूर असतो, दोन-तीन आठवड्यांत नवा फुटवा येतो, आणि दोरीवर चढवायला तोच चांगला असतो. पहिल्या घाईतले कोंब बऱ्याचदा पोकळ, जाड आणि चढायला आळशी असतात. पहिल्या वर्षाच्या रोपाला मात्र हात लावू नका, त्याला आधी मूळ धरू द्या.

कापलेले निरोगी कोंब फेकू नका. लोण्यावर परतून शतावरीच्या कोंबांसारखे खातात. आमच्याकडे लसूण-मिरचीची फोडणी. थोडे कडवट लागतात, पण मेथी खाणाऱ्यांना काय त्याचं.

पुढे किती वेल ठेवायचे, पानं काढायची का?

एका दोरीला दोन-तीन वेल. बाकीचे कोंब उन्हाळाभर जमिनीलगत काढत राहायचे. गड्डा मेपासून जुलैपर्यंत फुटतच असतो आणि दाट सावलीतले ते ओले फुटवे म्हणजे केवड्याची धर्मशाळा. वेल डोक्याच्या वर दोन-तीन फूट गेला की खालची तीन-चार फुटांपर्यंतची पानं आणि बगलफुटी काढून टाका. जमिनीवरून उडणारे थेंब मग पानापर्यंत पोचत नाहीत आणि बुडाशी वारा खेळतो. एकदम सगळी ओरबाडू नका. वेल कोवळा असेल तर दोन टप्प्यांत करा, आणि साल सोलली जाणार नाही असं बघा.

दोन गड्ड्यांत किमान तीन फूट अंतर ठेवा. वेगवेगळ्या जाती असतील तर पाच, नाहीतर वर गेल्यावर कोण कुणाचा ते कळत नाही. भिंतीला चिकटून लावू नका. आधाराला काथ्याची दोरी उत्तम. याकिमातल्या मळ्यांत वेल नारळाच्या काथ्यावरच चढवतात. हंगाम संपल्यावर दोरीसकट वेल खाली घेता येतो. प्लॅस्टिकची जाळी लावलेल्यांना नोव्हेंबरात त्यातून वाळके वेल उपसताना पश्चात्ताप होतो.

पाणी आणि खत?

ठिबक. वरून फवारा नको, संध्याकाळी तर मुळीच नको. हॉप तहानलेला असतो, उन्हाळ्यात त्याला भरपूर पाणी लागतं, पण ते मुळाशी. नत्र वसंतात, वेल चढत असताना द्यावं आणि जूनच्या मध्यानंतर हात आखडता घ्यावा. नत्र जास्त झालं की वाढ लुसलुशीत होते आणि भुरी कोवळ्या पानावरच बसते. पान निबर झालं की त्याला भुरीची लागण सहसा होत नाही.

औषध कोणतं मारू? घरी बोर्डो करता येईल का?

पहिली गोष्ट: अमेरिकेत डब्यावरचं लेबल म्हणजे कायदा. त्यावर हॉपचं नाव नसेल तर ते औषध हॉपवर मारणं बेकायदा आहे, मग ते टोमॅटोवर कितीही चालत असो. तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं.

केवड्यासाठी तांबं. बोर्डोचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा कमी आहे. १८८५ मध्ये त्याने ते मिश्रण जाहीर केलं. निफाडला आजही एक टक्क्याचं बोर्डो करताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना धरतात. पण चार वेलांसाठी घरी हा उद्योग करू नका. चुन्याचा अंदाज चुकला तर पानं भाजतात. हॉपवर चालणारं तयार तांब्याचं औषध दुकानात मिळतं.

तांबं आणि गंधक दोन्ही पानावर बसून राखण करतात, आत शिरलेला रोग बरा करत नाहीत. म्हणून पावसाचा अंदाज बघून, पावसाच्या आधी, पान कोरडं असताना फवारायचं, आणि पानाच्या खालच्या बाजूलाही. पाऊस येऊन गेल्यावर फवारणं म्हणजे वरातीमागून घोडं. तांबं जमिनीत साठत जातं आणि माशांना घातक आहे. ओढा किंवा तळं जवळ असेल तर फार जपून.

भुरीसाठी गंधक. वसंतात उत्तम चालतं. पण पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर नको, पानं करपतात. तेलाची फवारणी केली असेल तर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. फुलोरा धरल्यावर मी गंधक पूर्ण थांबवते: कोनावर गंधक राहिलं तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास बियरमध्ये उतरू शकतो. त्यानंतर लेबलवर हॉप असलेलं पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा बॅसिलसवर्गीय जैविक औषध.

आणि खरं सांगायचं तर चार वेलांच्या परसात छाटणी, पानं काढणं आणि ठिबक एवढं नीट केलं तर बऱ्याच वर्षी पंप बाहेर काढावा लागत नाही. बाग पाच एकरांची असती तर मी हे बोलले नसते.

ताक, दूध, खायचा सोडा, कडुनिंब?

आंबट ताक भुरीवर फवारण्याची आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत असते. दुधाबद्दल ब्राझीलमध्ये झुकिनीवर प्रयोग झाले, १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि भुरीवर परिणाम दिसला. हॉपवर मी ताक एकदा मारलं. ठिपके थोडे थांबले, पण चार दिवस अंगणात दह्याच्या डब्याचा वास होता आणि शेजारीणबाईंनी विचारपूस केली. सुरुवातीच्या दोन-चार ठिपक्यांपलीकडे भिस्त ठेवू नका.

खायच्या सोड्याने भुरी तात्पुरती दबते, पण त्यातलं सोडियम जमिनीत साठतं. त्यापेक्षा पोटॅशियमचा बायकार्बोनेट बरा. कडुनिंबाचं तेल भुरीवर आणि माव्यावर दोन्हींवर चालतं, फक्त कडक उन्हात नको आणि कोन धरल्यावर नको. केवड्यावर यातलं काहीही चालत नाही.

कोन उघडला तर आत पिवळी पूड आहे. ही बुरशी का?

नाही हो! याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. कोन म्हणजे मादी वेलाची शंकूसारखी फुलं, आणि ती पिवळी चिकट पूड म्हणजे ल्युप्युलिन. कडवटपणा आणि वास तिच्यातच असतो. बोटावर चोळा: लिंबासारखा, गवतासारखा, कधी लसणीसारखा उग्र वास येईल. एका ओळखीच्यांनी सगळं पीक रोगट समजून कचऱ्यात टाकलं होतं. दुसऱ्या वर्षी विचारलं तेव्हा कळलं.

कोन तपकिरी पडतायत. कोणता रोग?

याला एका वाक्यात उत्तर नाही. तोडणी लांबली आणि पाकळ्यांची टोकं तांबूस झाली, कोन कागदासारखे कुरकुरीत लागले, तर तो रोग नाही, तुमचा आळस आहे. आमच्याकडे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यात तोडणी येते. जोराचा वारा होऊन कोन एकमेकांवर घासले गेले आणि मग टोकं लालसर तपकिरी झाली, तर ती अल्टरनेरिया बुरशी असू शकते. ती जखमेवर येणारी, दुय्यम. केवड्यात कोनाच्या काही पाकळ्या गडद तपकिरी, बाकी हिरव्या, असा पट्टेरी प्रकार दिसतो, आणि लवकर लागण झाली तर कोन कडक राहून वाढतच नाही. भुरी कोवळ्या कोनावर बसली तर तो वेडावाकडा, छोटा राहतो आणि उशिराची असेल तर पांढरं काही न दिसता वेळेआधी तांबूस पडतो. हा शेवटचा प्रकार फसवा आहे. जूनमध्ये पानांवर भुरी होती का, हे आठवलं तरच उलगडतो.

पानांवर आणि कोनांवर काळी काजळी आहे, हात चिकट होतात.

काजळी ही बुरशीच, पण गुन्हेगार मावा. हॉपचा मावा गोड चिकटा टाकतो, त्यावर ही वाढते. बुरशीनाशक मारून उपयोग नाही. पाण्याचा जोरदार झोत सकाळी पानांच्या खालून मारा, म्हणजे पान दुपारपर्यंत सुकेल. लेडीबर्ड किड्यांना त्यांचं काम करू द्या. नत्र कमी करा. पानं तांबूस, ठिपक्याठिपक्यांची झाली आणि खाली बारीक जाळी असेल तर तो कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारा बारीक किडा. उष्ण, कोरड्या हवेतला.

जुलैमध्ये अख्खा वेल दोन दिवसांत मान टाकून वाळला. पाणी तर होतं!

वेल बुडाशी धरून हलके ओढा. तो गड्ड्यापासून सहज निघून आला आणि बुडाचा भाग फुगलेला, वर जाड नि खाली निमुळता दिसला, तर ती फ्युजेरियमची बुडकूज. वाळलेली पानं वेलालाच लटकून राहतात. सहसा बुडाला जखम झालेली असते: गवत कापायच्या यंत्राची दोरी, वाऱ्याने घासणं, कीड. गड्डा मात्र बहुधा जिवंत असतो. बुडाशी माती चढवा म्हणजे नवी मुळं फुटतील, पाणी साचू देऊ नका, आणि माती फार आम्ल असेल तर चुना द्या.

दुसरा संशयित मर रोग, व्हर्टिसिलियम. यात खालच्या पानांपासून सुरुवात होते, शिरांमध्ये पिवळं पडतं, कडा वर वळतात, वेल जाडसर होतो. तो आडवा कापला की आतलं लाकूड तपकिरी दिसतं. याला औषध नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात १९२४ मध्ये हा हॉपवर प्रथम आढळला आणि त्याच्या जहाल प्रकारापायी मळेच्या मळे उपटून जाळावे लागले. पुढे केंटमधल्याच वाय या गावच्या कॉलेजात मर सहन करणाऱ्या जाती पैदा केल्या, त्यातली वाय टार्गेट अजून लावतात. परसासाठी धडा इतकाच की जिथे टोमॅटो, बटाटा, वांगं मर लागून गेलं असेल तिथे हॉप लावू नका, आणि रोगट वेलाची माती फावड्याबरोबर इकडून तिकडे नेऊ नका.

केवडा दर वर्षी येतोय. गड्डा ठेवू की उपटू?

हिवाळ्यात गड्ड्याच्या बाजूचा एक तुकडा कापून बघा. आत पांढरट असेल तर आशा आहे. लालसर तपकिरी ते काळे पट्टे दिसले आणि वसंतात निम्म्याहून जास्त कोंब खुजे येत असतील, तर मी उपटेन. कातर, चाकू दर वेलानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. आणि अशा गड्ड्याची मुळं मित्रांना वाटू नका. परसातला केवडा सगळ्यात जास्त पसरतो तो या प्रेमळ देवाणघेवाणीतून. माझा पहिला वेल असाच भेट आला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून.

ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो या राज्यांत बाहेरून हॉपची रोपं आणि मुळं आणण्यावर निर्बंध आहेत. स्थानिक रोपवाटिकेतून, रोगमुक्त मातृवेलापासून केलेलं रोप घ्या. चार-पाच डॉलर जास्त पडतील. शंका असेल तर जिल्ह्याच्या एक्सटेन्शन कार्यालयात पानाचा नमुना न्या. आपल्या कृषी विज्ञान केंद्रासारखी ही सोय आहे आणि तिथली मास्टर गार्डनर मंडळी, म्हणजे बागकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, फार मनापासून बघतात.

कोणती जात लावली तर कटकट कमी?

ओल्या भागात कॅस्केड. ती ओरेगनमध्येच पैदा झाली, १९७२ मध्ये बाहेर आली आणि केवडा बऱ्यापैकी सोसते. फगल ही जुनी इंग्लिश जातही केवड्याला चिवट, पण भुरीला हळवी. नगेटवर भुरी येत नाही असं वर्षानुवर्षं सांगत. २०१२ च्या सुमारास तिच्यावर बसणारी भुरी निघाली, त्यामुळे 'रोगमुक्त जात' असं कुणी म्हटलं की मी फक्त मान हलवते. क्लस्टर आणि गलीना नवख्यांनी ओल्या भागात टाळाव्यात.

थोडी भुरी असलेले कोन बियरमध्ये घालावेत का?

किंचित डागाळलेले वेगळे काढून बाकीचे वापरते. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, कुबट वास येत असेल, तर सरळ फेका. तोडल्यावर त्याच दिवशी वाळवायला घाला, पातळ थरात, ६० अंशांच्या खाली. मधला दांडा कट्टकन मोडला पाहिजे. तो वाकला तर आत ओल आहे आणि पिशवीत बंद केल्यावर बुरशी येणार.

पुण्यात गच्चीवर लावला तर?

भाचा दर फोनवर विचारतो. वेल येईल, कोन फार येणार नाहीत. हॉपला कडक हिवाळा आणि लांब दिवस लागतो. पोर्टलंडला जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांहून मोठा असतो, पुण्यात तेरा तासांच्या थोडा पुढे. त्यात जून ते सप्टेंबर पानं सतत ओली, म्हणजे केवड्याला आमंत्रण. भारतात हॉप जमला तो हिमाचलच्या लाहौलमध्ये, उंचावर, जिथे पावसाळ्याचा पाऊस फारसा पोचत नाही.

तोडणी झाल्यावर वेल लगेच जमिनीलगत कापू का?

नको. दोन-तीन फूट वेल पानांसकट राहू द्या, गड्डा त्यातून साठा भरतो. थंडीने वाळल्यावर जमिनीपासून दोन इंचांवर कापा, सगळा पाला गोळा करून बाहेर टाका, आणि कोणत्या गड्ड्यावर खुजे कोंब आले होते तिथे खुंटी ठोका. मार्चमध्ये आठवत नाही. आणि घरात कुत्रा असेल तर खाली पडलेले कोन आणि बियर करून उरलेला हॉपचा चोथा त्याच्या तोंडाशी जाऊ देऊ नका. हॉपने कुत्र्याचं अंग जिवावर बेतेल इतकं तापतं. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्याच क्षणी डॉक्टरकडे न्या.